टाक्यांवरचं बाळंतपण

माझी धाकटी जाऊ बाळंतपणात मेली आणि गावानं तिला हडळ केलं. ती कशानं मेली हे कोणी विचारलं नाही. मेल्यावर ती कुठं दिसते, एवढंच लोक विचारत राहिले. कोणी सांगे ओहोळावर दिसते, कोणी सांगे भर दुपारी आंब्याखाली केस सोडून बसते. त्या ओहोळावर मी आयुष्यभर कपडे धुतले. मला ती कधी दिसली नाही. मला ती ऐकू येते. चुलीपुढे बसले असताना, बसची वाट बघताना, कधीही. ती म्हणते, "थांबलं गो बाय. आता नाय दुखत."

मी चौथी शिकलेली बाई. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण एका बाईचं टाक्यांवरचं बाळंतपण मी सासरी बघितलं आणि दुसरं पोटच्या लेकीचं बघितलं. दोन्ही सांगते.

आमचं घर आटगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. धाकटा दीर भातसानगरला धरणावर कामाला होता, सुटीला घरी यायचा. जाऊ मुरबाडकडची. कामाला वाघ आणि तोंडानं तिखट. सासू देवळात गेली की ती सासूसारखी कमरेवर हात ठेवून मला हुकूम सोडायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. तिच्या पहिल्या वेळी मूल आडवं आलं. माहेरच्यांनी तिला कुठल्या तरी मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं पोट कापून मुलगी काढली. बाळाला घेऊन ती परत आली तेव्हा आम्ही सगळ्या बायकांनी तिचं पोट बघितलं. बेंबीखालून सरळ खाली गेलेली रेघ होती, गांडुळासारखी फुगलेली. सासूनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगलं भरलंय." मीही बोट फिरवलं. खरंच चांगलं भरलं होतं. कातडं भरलं म्हणजे आत पण भरलं, असंच आम्ही धरलं. फुटक्या हंड्याला डाग मारला की हंडा परत पाणी धरतो, तसं. आत दुसरे टाके असतात आणि ते वरून दिसत नाहीत, हे सांगायला आमच्यात कोण होतं?

दुसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा तिची आई मुद्दाम मुरबाडहून आली. ओटीवर बसून सासूला म्हणाली, "विहीणबाई, पोरीला टाके हायत. तिला दवाखान्यात न्या. नायतर मी नेते."

सासू सुपातलं भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "पयलं तुमच्यात झालं म्हणून कापाकापी झाली. आमच्या घरात आजवर एकीचं पोट कापलं नाय. दुसरं आमचं हाय, आमी बघू."

"तसं नाय, डॉक्टर बोलला होता…"

"डॉक्टरला काय, त्याला सुरी चालवायची असते."

आई चहा न घेता गेली. जाऊ आत उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "ताई, मला पण नको ती सुरी. परत उठून बसायला भिंत धरावी लागते." म्हणजे तिच्यावर कोणी जबरदस्ती केली असं नाही. तिलाही घरीच हवं होतं. हे सांगितलं पाहिजे, कारण मागाहून सगळा दोष सासूवर टाकणं सोपं होतं आणि तिच्या आईनं तसा टाकलाही.

राब, म्हणजे भातरोपांची जागा, भाजायचे उन्हाळ्याचे दिवस होते. शिवारात सगळीकडं धूर. सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली. तिच्या हातावर अर्धं गाव जन्मलं होतं, माझी पोरंही तिच्याच हातावर. बाई चांगली होती. हात धुवायची, शिव्या द्यायची नाही. फक्त टाके असलेलं पोट तिच्या हाताखाली आधी कधी आलं नव्हतं.

आमच्यात बाळंतीण ओरडत नाही. ओटीवर सासरा बसलेला असतो, गडी माणसं येत-जात असतात. शिवाय ओरडलं की पोर वर सरकतं, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. जी ओरडली तिला पुढं वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागायचे. 'हिचं बाळंतपण पार स्टेशनपर्यंत ऐकू गेलं होतं.' म्हणून तोंडात पदराचा बोळा धरायचा आणि कण्हायचं. जावेनंही पदर तोंडात धरला होता. कळ आली की तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या व्हायच्या. आवाज नाही.

दुपार व्हायला आली तरी मूल खाली येईना. सुईणीनं वरून दाब दिला, आडव्या हातानं. सगळ्याच सुईणी देतात, मलाही दिला होता. पुन्हा एक कळ आली, मोठी. जावेनं डोळे विस्फारले. आणि मग तिनं तोंडातला पदर काढला, मान मागं टाकली आणि म्हणाली, "थांबलं गो बाय. आता नाय दुखत."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. सुटल्यासारखा झाला होता. आम्हा सगळ्यांनाही सुटल्यासारखं वाटलं. सुईण म्हणाली, "पोर दम खातंय. तिला पण खाऊ दे." सासूनं सुंठ घालून कोरा चहा केला, कळा थंड पडल्या तर परत चढाव्यात म्हणून. जाऊ दोन घोट प्यायली. मला म्हणाली, "बाप तसंच पोर. निम्म्या कामावर बसलं."

आम्ही हसलो. ती मरत होती आणि आम्ही हसत होतो.

मग ती म्हणाली, "ताई, जरा खांदा दाबा. खांदा का दुखतोय?" मी खांदा दाबला. मला वाटलं, एका कुशीवर पडून अवघडला असेल. दाबता दाबता हाताला तिचं अंग गार लागलं आणि ओलं. राब भाजायच्या दिवसांत घाम येतोच, पण हा घाम गार होता. ओठ पांढरे झाले. ती पाणी मागायला लागली, दिलं की परत मागायची. सुईणीनं पोटावर हात ठेवला. सकाळी पोट गोल होतं. आता ते वेडंवाकडं झालं होतं आणि पोराचा पाय वरूनच हाताला लागत होता, नुसत्या कातड्याखाली असल्यासारखा. सुईणीनं हात उचलला. ती उठली. बाहेर जाऊन अंगणात बसली.

तोवर कोणीतरी भातसानगरला निरोप धाडला होता. दीर जीप घेऊन आला. आम्ही तिला घोंगडीत घालून जीपमध्ये ठेवलं. हायवे दिसायला लागला त्याच्या आधीच ती गेली. दीर ड्रायव्हरला म्हणत होता, "अजून जोरात चालव," आणि मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला कळलं होतं, पण मी त्याला सांगितलं नाही. जीप शहापूरपर्यंत जोरातच गेली.

पोटात पोर ठेवून मेलेली बाई परत येते, असं आमच्याकडं मानतात. म्हणून पुरुष स्मशानातून येताना वाटेवर मोहरी शिंपडत आले. मोहरी वेचता वेचता उजाडतं आणि तिला घर गाठता येत नाही. उंबऱ्यात खिळे ठोकले. तिच्या आईनं मोठी मुलगी आजोळी नेली. वर्षाच्या आत दिराचं दुसरं लग्न झालं आणि नव्या बायकोच्या गळ्यात मेलेलीच्या नावाची चांदीची पुतळी घातली. मग तिच्याबद्दल बोलणं बंद झालं. पोटुशी बायकांपुढं तर तिचा विषय काढायचाच नाही. पोरांना सांगायचे, भर दुपारी ओहोळावर जाऊ नका, काकी धरेल. टाके, कळा, खांदा, चहा, सगळं गेलं. हडळ राहिली.

माझी लेक तेव्हा लहान होती. तिला आठवते ती हडळ.

तिचं लग्न मुरबाड तालुक्यातच झालं. जावई तिकडच्या कारखान्यात कामाला, घरची थोडी भातशेती. पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडं आली. मूल पायाळू होतं. शहापूरला डॉक्टर म्हणाले सिझर करावं लागेल. मी हो म्हटलं. नातू चांगला निघाला. लेक शुद्धीवर आली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. सिस्टरनं पट्टी बदलताना मी तिचे टाके बघितले. आडवे होते, अगदी खाली, लुगड्याच्या निरीत झाकले जातील असे. सगळे बाळाकडं बघत होते आणि मी त्या रेघेकडं. मला पहिल्याची भीती वाटलीच नाही. मला त्याच दिवशी दुसऱ्याची वाटली.

नातू चांगला धावायला लागल्यावर निरोप आला की लेकीला परत दिवस गेलेत. हे बाळंतपण सासरचं. माझं तिथं काही काम नव्हतं. तरी दिवस भरत आले तेव्हा मी पिशवीत तांदूळ आणि सुकट घालून तिच्या गावी गेले. लेकीच्या घरी राहायचं नाही, तिथलं पाणीही पिऊ नये, असं मानणारी माणसं आम्ही. विहीण दारातच उभी होती.

"या विहीणबाई. पिशवीत काय? आमच्याकडं तांदूळ मिळत नाय वाटतं."

"माझ्यापुरते आणलेत."

"आणि पाणी? आमचं पाणी तरी प्याल का तुमच्या धरणाचं घेऊन आलात?"

"आमच्या धरणाचं पाणी मुंबईला जातं. आमी पण विहिरीचंच पितो."

ती हसली. बाई वाईट नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीशी बसून ती लेकीला म्हणाली, "तुझी आई पहारा करायला आलीय का गो?" लेक म्हणाली, "हो." खरंच होतं ते.

कापणी सुरू झाली होती. घरात सगळ्यांना घाई. विहिणीचं म्हणणं, मूल यावेळी सरळ आहे, मग घरीच होईल, शेजारी सुईण आहे. लेकीचं म्हणणं वेगळं. तिला दवाखान्यातच जायचं होतं, पण सिझर नको होतं. मी म्हटलं, "सरळ कापून टाकू दे. तारीख घे आणि जा."

"तुला काय जातंय बोलायला," लेक म्हणाली. "मागच्या वेळी पोराला अंगावर घ्यायला मला दुसरं माणूस लागायचं. खोकला आला की पोट धरून बसायची. आणि आई, मला एकदा बघायचंय कसं असतं ते. सगळ्या बायकांना माहीत हाय. मलाच नाय."

जाऊ मला हेच वेगळ्या शब्दांत म्हणाली होती.

मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंकडं मी तिच्याबरोबर गेले. बाई लेकीच्याच वयाच्या वाटल्या. त्यांनी पहिल्या ऑपरेशनबद्दल सगळं विचारलं, तपासलं, सोनोग्राफी बघितली. म्हणाल्या, काप आडवा आणि खालचा आहे, तो बरा. मधे अंतर चांगलं पडलंय. गेल्या वेळी मूल पायाळू होतं म्हणून कापावं लागलं, यावेळी डोकं खाली आहे. प्रयत्न करायला हरकत नाही.

मी म्हटलं, "आणि नाय जमलं तर?"

"तर सिझर करू. म्हणून तर इथंच यायचं, पहिल्या कळेला. घरी बसून वाट बघायची नाही. भूल देणारे डॉक्टर बोलवून ठेवीन, रक्ताची सोय करून ठेवू."

"बाई, पण काय होऊ शकतं ते सांगा."

त्यांनी लेकीकडं बघितलं. लेक म्हणाली, "सांगा."

"बहुतेकींचं नीट होतं. पण एखादीच्या पिशवीचा जुना टाका कळांनी उसवतो. पिशवी फाटते. मग आत रक्त जातं, बाळाला धोका, आईला धोका. दोन कळांच्या मधे पण दुखत राहिलं, अंगावरून रक्त गेलं, किंवा जोरात चाललेल्या कळा एकदम थांबल्या, तर ताबडतोब सांगायचं. बायकांना वाटतं बरं वाटतंय. तसं नसतं ते."

इतकी वर्षं जे माझ्या कानात होतं ते ही परकी बाई टेबलावर पेन आपटत सहज सांगत होती. कळा थांबतात. बाईला वाटतं बरं वाटतंय.

मला लेकीपुढं विचारायचं नव्हतं. पोटुशीपुढं मेलेल्या बाळंतिणीचं काढायचं नाही, हे माझ्याही हाडात बसलेलं. लेक लघवी तपासायला गेली तेव्हा मी विचारलं, "बाई, तेव्हा खांदा दुखतो का?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "दुखतो कधी कधी. पोटात रक्त साचलं की वर खांद्यात कळ जाते. तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"कोणी नाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मावशी, परत सिझर केलं म्हणजे काहीच धोका नाही असं नका समजू. दुसऱ्या ऑपरेशनला रक्त जास्त जाऊ शकतं, आतडी चिकटलेली असतात. पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यावर रुजली तर ते फार वाईट. दोन्हीकडं थोडं थोडं भय आहे. फरक एवढाच की ही इथं असेल."

परत येताना टमटममध्ये लेक म्हणाली, "तुझं तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, "गाडी लागली."

भाताचे भारे खळ्यावर येत होते तेव्हा तिला सकाळी कळ आली. विहीण म्हणाली, "आत्ताशी एकच तर आलीय. चार घास खाऊन जा." मी लेकीचा हात धरला आणि रस्त्यावर उभी राहिले. विहीण मागून ओरडली, "अवो, वेणी तरी घालू द्या तिला!" मी वेणी घालू दिली नाही.

दवाखान्यात कळांच्या खोलीत दोन खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवर डोंगरातल्या पाड्यावरची एक बाई होती, तिसऱ्या खेपेची. ती बिनधास्त ओरडत होती. नवऱ्याला, सासूला, देवाला, कोणाला सोडत नव्हती. सिस्टर वैतागून तिला म्हणाली, "अगो जरा दम धर. ती बघ बाजूची, पोट कापलेली आहे तरी कशी गप आहे. शिक काहीतरी."

मी लेकीकडं बघितलं. ती गप होती. दात आवळलेले, हात खाटेच्या दांडीला, मानेच्या शिरा ताठ. माझ्याच हातची शिकवण. मी तिला लहानपणापासून सांगितलं होतं की बाईनं कसं राहायचं.

"ओरड," मी म्हटलं.

"काय?"

"ओरड. तिच्यासारखी."

"येडी झालीस का? बाहेर सासरे बसलेत."

"बसू देत. त्यांना काय, त्यांनी कधी बाई बघितली नाय का?"

सिस्टर म्हणाली, "मावशी, तुम्ही काय शिकवताय तिला? एक पुरेशी नाही का?" आणि शेजारची बाई कळ ओसरली तशी मला म्हणाली, "तुमच्या पोरीला लाज वाटत असंल तर माझ्या आवाजात ओरडू द्या, कोणाला कळनार नाय." खोलीतल्या सगळ्या हसल्या. लेकही हसली. मला हसू आलं नाही. मला तिचा आवाज हवा होता. आवाज होता तोवर कळा होत्या, कळा होत्या तोवर सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या आया पोरीचं दुखणं कमी व्हावं म्हणून देवाला नवस बोलतात. मी मनात म्हणत होते, दुखू दे. थांबू नको. दुखू दे.

सिस्टर येऊन बाळाचे ठोके ऐकून जायची. डॉक्टरीणबाई येऊन जायच्या. कळा वाढवायचं औषध त्यांनी द्यायला नको म्हटलं, आपोआप येतील त्या येऊ देत म्हणाल्या. ऊन डोक्यावर आलं. शेजारची बाई बाळंत होऊन वॉर्डात गेली आणि खोली एकदम शांत झाली.

लेकीनं डोळे मिटले होते. कळ येऊन गेली होती आणि दुसरी अजून आली नव्हती. मी वाट बघितली. ती आली नाही. मग तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "आई, खांदा दाब गो जरा."

माझे हात पुढं गेलेच नाहीत. मी तिथून धावत निघाले. दाराला पाय लागून ट्रे खाली पडला. डॉक्टरीणबाई जेवत होत्या, त्यांच्या पुढ्यात डबा होता. मी त्यांच्या दंडाला धरलं. "चला. फाटली. तिची फाटली."

त्या उष्ट्या हातानं उठल्या. हात धुतले, पोटावर ठेवले, ठोके ऐकले, नाडी बघितली, डोळे बघितले. सिस्टरनं रक्तदाब बघितला. तेवढ्यात लेकीला कळ आली, अशी की तिचा हात दांडीवरून निसटला आणि ती मोठ्यानं ओरडली. डॉक्टरीणबाई कळ जाईपर्यंत हात तसाच ठेवून थांबल्या. मग म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत. पिशवी जागेवर आहे. सकाळपासून दांडीला लोंबकळतेय ही, खांदा दुखणारच." आणि माझ्याकडं वळून, "मावशी, तुम्ही बाहेर बसा आता."

"मी गप बसते. मी इथंच…"

"बाहेर."

मी बाहेर गेले. जावई आणि त्याचा बाप बाकावर होते. त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. दार बंद होतं. लेक आता ओरडत होती, एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येत नव्हतं. सिस्टरला शिव्या दिल्या, मला दिल्या. सासऱ्यानं खाली मान घातली आणि जाऊन पानपट्टीवर उभा राहिला. प्रत्येक ओरडण्यानंतर शांतता यायची. त्या शांततेत मी दाराच्या फटीला कान लावून उभी असायचे आणि मला आतून माझ्या लेकीचा नाही, जावेचा आवाज यायचा. थांबलं गो बाय. तोच सुटका झाल्यासारखा आवाज. परत लेक ओरडली की तो जायचा.

मग बाळ रडलं. मुलगी झाली.

आत घेतलं तेव्हा लेक घामानं निथळत होती आणि दात काढून हसत होती. "बघितलं," मला म्हणाली. "एवढंच असतंय होय?" मग ती झोपली. मी तिला उठवलं. म्हटलं, "काही दुखतंय का?" "नाय." थोड्या वेळानं परत उठवलं. पायाखाली हात घालून रक्त किती जातंय बघितलं. ओठ बघितले. अंगाला हात लावून बघितलं, ऊन होतं. असं करत करत शेवटी ती चिडून उठली, "आई, झोपू दे की. मेले नाय मी." सिस्टर म्हणाली, "मावशी, आम्ही बघतोय ना." बघत होत्याच त्या. रक्तदाब घ्यायला सारखी कोणीतरी येत होती. पण मी तिच्या पायाशी बसून राहिले आणि ती हलली नाही की तिचा अंगठा दाबायचे.

पाचवीला आळीतल्या बायका आल्या. विहीण खुशीत होती. तिनं सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या आणि सगळ्यांना तेच सांगत होती. "टाके असून झाली. दुसऱ्या दिवशी उठून बसली. काय नाय होत टाक्यांनी, उगाच डॉक्टर लोक भीती घालतात." त्या बायकांत शेजारच्या घरची एक सून होती. तिला आठवा महिना होता आणि तिचंही पहिलं सिझरचं. विहीण तिला म्हणाली, "तू कशाला मुरबाडला हेलपाटे घालतेस? आमच्या सुनेचं बघ. घरी कर, सुईण हाय."

ती पोर तिच्या सासूकडं बघत होती. सासू मान डोलवत होती.

मी पाहुणी. त्या घरात माझा बोलायचा हक्क नाही. आणि पोटुशी समोर बसलेली. मी म्हटलं, "आमच्या घरात एकीनं घरी केलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. राब भाजायचे दिवस, पदराचा बोळा, वरून दिलेला दाब, थांबलेली कळ, कोरा चहा, आम्ही हसलो ते. खांदा सांगितला. पोटाचा आकार सांगितला. जीप सांगितली. मला रडू वगैरे आलं नाही. मी शेवटी म्हटलं, "माझ्या पोरीचं नीट झालं. पण तिथं बाजूच्या खोलीत पोट उघडायची सगळी तयारी होती. ती लागली नाय. लागली असती तर हाताशी होती. जावेला लागली तेव्हा आमच्याकडं चहा होता."

कोणी घुगऱ्या चावत नव्हतं. त्या पोरीची सासू उठली. "पाचवीच्या दिवशी, पोटुशीच्या तोंडावर असलं अभद्र! बायकांनो, ऐकता काय? चल गो घरी." तिनं सुनेला दंडाला धरून नेलं. विहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दारापुढं मोहरी टाकलेली मी सकाळी बघितली.

ती पोर पुढं मुरबाडलाच गेली. तिनंही कळा दिल्या, पण मूल अडलं आणि परत सिझर झालं. बाई आणि बाळ दोन्ही धड आहेत. ती मला ओळख देत नाही. म्हणते, त्या म्हातारीनं मला घाबरवलं म्हणून माझ्या कळा आखडल्या. असेलही तसं.

पाचवीच्याच दिवशी बायका गेल्यावर लेक आतून म्हणाली, "आई, इकडं ये." ती बाजेवर होती, पोरीला पाजत होती. बाजेखाली शेगडी होती.

"काकीला टाके होते, हे मला कधीच सांगितलं नाय."

"पोटुशीला सांगत नायत."

"मी आठ वर्षांची होते तेव्हा काय पोटुशी होते? मला ओहोळावर जाऊ द्यायची नायस. काकी धरेल म्हणायचीस."

"आजी म्हणायची."

"तू पण."

मी शेगडीतला विस्तव खालीवर केला.

"आधी सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी कळा दिल्याच नसत्या. कापून घेतलं असतं."

"मग बरं झालं का वाईट?"

तिनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "मला नाय माहीत," म्हणाली. मलाही माहीत नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही.

पोर दूध पिता पिता झोपली. लेकीनं तिचं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "काकीच्या पोटात काय होतं? मुलगा का मुलगी?"

"कोणी बघितलं नाय," मी म्हटलं.